मिरगाआधीचे पत्र

वाळपई, सत्तरी, गोवा
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. लगेच उत्तर लिहिणार होतो, पण तू जे विचारले आहेस त्याला दोन ओळींत वाटेला लावणे मला बरे वाटेना. काल संध्याकाळी वळवाची एक सर येऊन गेली आणि रात्री दहाच्या सुमाराला घरामागच्या मरडावरून, म्हणजे उंचावरच्या शेतातून, एक बेडूक ओरडला. बाकी सगळे अजून मातीत आहेत, हा एकटाच घाईत वर आला असावा. तो थांबला तशी तुझी आठवण झाली, आणि दिवा लावून लिहायला बसलो.

तू लिहितेस की म्हापशाला बेडूक वाचवण्यासाठी कार्यक्रम घेतला, पोस्टर लावले, फोनवर चित्रफीत फिरवली. चाळीसेक माणसे आली, ती सगळी तुमच्याच ओळखीची. गेल्या पावसात ज्यांनी बेडूक मारले ते यंदाही मारणारच. ‘मग सर, जागृती म्हणजे नेमके करायचे काय?’

बाये, ते चाळीस जण आलेच नसते तरी चालले असते. त्यांच्यातल्या एकानेही आयुष्यात बेडूक मारलेला नाही. ज्याच्या हातून प्राणी मरतो तो माणूस त्या सभागृहात नव्हता. तो त्या वेळी शेताच्या मेरेवर बसून टॉर्च चार्ज झाला की नाही ते बघत असेल. तुझे काम त्याच्याशी आहे, आणि त्याच्याकडे पोस्टर घेऊन जाता येत नाही. हे मी आज इतक्या ठामपणे लिहितो, कारण तो माणूस कोण असतो ते मला घरातूनच माहीत आहे.

मी सात-आठ वर्षांचा असेन. मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला की धाकटे काका आणि वाड्यावरचे दोघे-तिघे गॅसबत्ती घेऊन निघत. गोणपाट धरायचे काम माझे. त्याच रात्री चढणीचे मासे व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, शेतात चढत, त्यामुळे एका हाताला मासे आणि दुसऱ्या हाताला बेडूक, अशी ती सणासारखी रात्र असे. शेतात घोटाभर पाणी, आणि त्या पाण्यात मोठे बेडूक. वर्षभर जो मातकट हिरवा असतो, तो नर त्या दोन-चार रात्रींपुरता पिवळा होतो, पिकल्या लिंबासारखा. ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. गॅसबत्तीचा उजेड डोळ्यांवर पडला की जागचा हलत नाही. काका वाकून सरळ हाताने उचलत आणि गोणपाटात टाकत. गोणपाट माझ्या हातात आतून धडका देई, आणि मला त्याचा आनंद होई. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

आई ते स्वयंपाकघरात येऊ देत नसे. काका परसात तीन दगडांची चूल मांडत आणि व्हाळाच्या काठाला बसून साफ करत. मागचे पाय तेवढे घ्यायचे, बाकीचे टाकून द्यायचे. कितीतरी बेडकांच्या पोटातून काळ्या-पांढऱ्या दाण्यांचा गोळा निघे, मोहरीएवढे दाणे, हजारोंनी. काका तो पाण्यात सोडून देत. ती अंडी होती हे मला कॉलेजात गेल्यावर, शास्त्राच्या पुस्तकात आकृती बघताना कळले. त्या दिवशी तास संपला तरी मी बाकावर बसून राहिलो. आमच्या घरात, वाड्यात कुणालाच ते ठाऊक नव्हते असेही नाही. पण ते कुणी कधी बोललेच नव्हते.

सगळी मेख इथेच आहे, आणि तुमच्या पोस्टरवर नेमकी तीच नव्हती. हा बेडूक उन्हाळाभर मातीखाली असतो. पहिल्या जोरदार पावसात सगळे एकदम वर येतात, नर हाका मारतात, माद्या येतात, साचलेल्या पाण्यात अंडी घालतात, आणि चार-पाच रात्रींत खेळ आटोपतो. वर्षाची वीण त्या रात्रींत होते, आणि त्याच रात्री माणसे गोणपाट घेऊन येतात, कारण तेव्हाच ते सहज सापडतात. पुढे श्रावणात त्याच शेतात शोधायला गेलीस तर एक बेडूक मिळायला तास जाईल. मारणाऱ्याला हे गणित सांगितले तर पटते. ‘निसर्गाचा समतोल’ हे शब्द ऐकून मात्र तो जांभई देतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता पोस्टरवरच्या एका ओळीबद्दल लिहितो, रागावू नकोस. ‘नामशेष होत चाललेला बेडूक’ असे तुम्ही लिहिले आहे. हा मोठा पिवळा बेडूक जगाच्या धोकाग्रस्त यादीत नाही. देशभर, देशाबाहेरही सापडतो. उद्या एखादा मुलगा फोनवर बघून तुला विचारील, ‘हा तर धोक्यात नाही म्हणतात,’ आणि मग तुझे बाकीचे खरे बोलणेही तो सोडून देईल. जे खरे आहे तेवढेच सांग, ते पुरेसे आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली या बेडकाला संरक्षण आहे. पकडणे, मारणे, विकणे गुन्हा आहे. १९८७ सालापर्यंत आपला देश बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवत होता, आणि ती निर्यात त्या वर्षी बंद केली, कारण शेतांतून बेडूक गेले की किडे वाढतात आणि मागून औषधफवारणी वाढते, ही तक्रार खरी ठरत चालली होती. आणि तुझ्या गावाच्या शेतातला आवाज दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी झाला असेल तर तेही सांग, पण आधी दहा म्हाताऱ्यांना विचारून खात्री कर.

जगातल्या उभयचरांच्या, म्हणजे बेडूक आणि त्याच्या भाऊबंदांच्या, जातींपैकी सुमारे ४१ टक्के धोक्यात आहेत, हा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीचा आकडा. तो तू वापर, पण कशासाठी ते नीट कळू दे. मोठा पिवळा बेडूक टिकून आहे. त्याच्या आडोशाला जे छोटे आहेत, सह्याद्रीच्या एखाद्याच खोऱ्यात किंवा एखाद्याच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, राहणारे, ते खरे धोक्यात आहेत. २०१८ मध्ये गोव्यातून एका छोट्या बेडकाची नव्याने नोंद झाली, त्याच्या शास्त्रीय नावातच ‘गोएम्ची’ आहे. म्हणजे गोव्याचा. आणि आमच्या केरी गावातून २००७ मध्ये एका देवगांडुळाची नोंद झाली, त्याच्याही नावात गोवा आहे. हात नाही, पाय नाही, मातीत राहणारा बेडकाचा भाऊबंद. बागायतीत फावडे लागले की लोक साप म्हणून मारतात. मी केरीच्या शाळेत हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘आमच्या गावाचा प्राणी पुस्तकात आहे?’ त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. धोक्याची भीती घालून जे झाले नसते ते त्या एका ‘आमच्या’ने झाले.

आकड्यांचे निघाले आहे तर हेही सांगतो. ‘एक बेडूक रोज इतके डास खातो’, ‘मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल असे आइन्स्टाइन म्हणाला’ असले फिरते निरोप पुढे पाठवू नकोस. आइन्स्टाइनने तसे कुठे म्हटल्याचा पुरावा नाही. खोट्या मापाने खरा माल विकला तरी गिऱ्हाईक तुटते.

तर, मारणाऱ्याकडे जायचे कसे? माझा अनुभव सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी अशाच एका रात्री माझ्या शेताच्या पलीकडे टॉर्च हलताना दिसला. गेलो. वाड्यावरचाच माणूस, माझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेला. नाव लिहीत नाही. हातात गोणी, त्यात वीस-बावीस बेडूक. मला बघून त्याने गोणी पाठीमागे घेतली. मी कायदा काढला नाही. म्हटले, ‘दाखव बघू.’ गोणी उघडली. एक जाड बेडूक मी हातात घेतला, हिरवाच, पिवळा न झालेला, आणि त्याचे पोट टॉर्चसमोर धरले. म्हटले, ‘ही बाई आहे. ओरडतात ते पुरुष. ही ओरडत नाही, ऐकून येते. हिच्या पोटात हजारो आहेत. आज रात्री ही इथे सोडली असतीस तर पहाटेपर्यंत तुझ्याच शेतात ठेवून गेली असती.’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारले, ‘सर, म्हणजे ही आज पहिल्यांदाच आलेली?’ मी म्हटले, ‘या वर्षातली पहिलीच खेप, आणि बहुधा शेवटचीही.’ त्याने एकेक करून पोट बघत माद्या सोडल्या. नर घेऊन गेला.

आता इथे मी गोष्ट संपवली असती तर तू ती आनंदाने दुसऱ्यांना सांगितली असतीस. पण पुढच्या वर्षी तो परत आला. हॉटेलवाला पायांच्या जोडीला चांगले पैसे देतो, ‘जंपिंग चिकन’ म्हणून पर्यटकांना वाढतो, आणि पावसाच्या तोंडावर हातात पैसा नसतो, हे त्याने मला सरळ सांगितले. त्या वर्षी मी त्याच्यासोबत पहाटेपर्यंत बसलो. त्याला पाण्यावर तरंगणारी अंड्यांची साय दाखवली. दहा दिवसांनी परत नेले, शेपट्या हलवणारी पिल्ले दाखवली. तिसऱ्या वर्षी तो टॉर्च घेऊन आला, गोणी आणली नाही. आज पहिला पाऊस पडला की माझ्याआधी त्याचा फोन येतो: ‘सर, सुरू झाले.’ त्याचा चुलतभाऊ अजून मारतो. त्याच्याशी तोच भांडतो, आणि माझ्या भांडण्यापेक्षा त्याच्या भांडण्याला जोर आहे.

तीन पावसाळे, एक माणूस. तुझ्या पत्रात जी घाई दिसते तिला हा हिशेब पटणार नाही, तरी लिहून ठेवतो.

वाघाबद्दल तू विचारलेस. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत, म्हादई अभयारण्यात, वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ मेले. गुरे मारली गेली होती, मेलेल्या जनावरावर विष घातले गेले, असे तपासात पुढे आले. त्याआधी २००९ मध्ये केरीच्या रानात फासात सापडलेला वाघ मारला गेला होता. गोळावलीनंतरच्या दिवसांत पणजीत मेणबत्त्या लागल्या, वर्तमानपत्रांत पाने भरली. मीही चार लेख लिहिले. राग खरा होता आणि असायलाच हवा होता. पण त्या दिवसांत मी एका गुराख्याच्या घरी गेलो होतो, त्या प्रकरणातल्या नव्हे, दुसऱ्याच गावातल्या. त्याची म्हैस आदल्या वर्षी मेली होती. भरपाईचा अर्ज त्याने केला होता. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवले, तिथून गुरांच्या डॉक्टरांचा दाखला आणायला सांगितले, दाखला आणेपर्यंत म्हशीचे हाडही उरले नव्हते. तो मला म्हणाला, ‘वाघाला माणसे आहेत सर, माझ्या म्हशीला कोण आहे?’

मी ओशाळलो. तीस वर्षे वाघाबद्दल बोलत होतो. भरपाईचा अर्ज कसा भरतात ते मला माहीत नव्हते.

म्हणून तुला माझी विनंती आहे, आणि या पत्रातली ही एकच गोष्ट विसरली नाहीस तरी मला पुरे. जागृती करायला निघालीस तर पहिल्यांदा तो अर्ज शिक. जनावर मारले गेले की वनखात्याला त्याच दिवशी कसे कळवायचे, पंचनामा होईपर्यंत ते जागचे का हलवायचे नाही, फोटो कसे काढायचे, डॉक्टरांचा दाखला कोण देतो, कागद कुठे अडतो. वर्षातून चार माणसांचे कागद तू स्वतः बरोबर जाऊन मार्गी लावलेस तर त्या वाड्यांवर तुझा शब्द चालेल. वाघाने रात्री गोठ्यात हात घातल्यावर विषाची बाटली शोधण्याआधी माणसाच्या मनात तुझा फोन नंबर यायला हवा.

उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये म्हादई आणि आसपासची राने व्याघ्र प्रकल्प म्हणून तीन महिन्यांत जाहीर करा असा हुकूम दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तो वाद तू वाच, समजून घे. माझे मत तुला माहीत आहे, व्याघ्र प्रकल्प व्हायला हवा. पण सत्तरीच्या वाड्यांवर ‘आम्हाला उठवणार’ ही भीती बसली आहे, आणि त्या भीतीला कुणी बसून, नकाशा पसरून, घराघरात उत्तर दिलेले नाही. ते काम सभेत होत नाही.

इथे एक भाषेची गोष्ट. आपल्याकडे बिबट्यालाही ‘बिबटो वाघ’ म्हणतात, आणि नुसते ‘वाघ’ म्हटले तरी कित्येकदा तोच असतो. कुणी म्हटले ‘वाघ दिसला’, तर हसू नकोस, खोडूही नकोस. शांतपणे विचार: पट्टे होते की ठिपके? कुठल्या बाजूला गेला? शेपूट दिसली का? अशा बोलण्यातून मला काळ्या बिबट्याची, एकदा खवले मांजराची, आणि व्हाळातल्या पाणमांजरांच्या कुटुंबाची खबर मिळाली आहे. रानात जाणाऱ्या माणसाला तुझ्याहून जास्त दिसते. त्याच्याकडून शिकायला गेलेल्या माणसाशी तो बोलतो, शिकवायला आलेल्याशी नाही.

आणि अशी खबर मिळाली की ती तोंडात ठेव. खवले मांजर दिसले म्हणून जागेसकट फोटो टाकलास तर दुसऱ्या दिवशी कोण वाचतो ते तुझ्या हातात नाही. जगात चोरट्या व्यापारात सगळ्यात जास्त मारला जाणारा सस्तन प्राणी म्हणतात तो हाच, त्याच्या खवल्यांसाठी. घुबडाची ढोली, अजगराची जागा, कासवाचे घरटे, कशाचीही जागा टाकायची नाही. साप गळ्यात घालून काढलेले फोटो तर मुळीच नकोत. तुमच्या गटातला तो मुलगा करतो, त्याला माझ्याकडे पाठव.

कासवांकडे मात्र वेगळे बघायला शीक. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले मादी रात्री येते, वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले निघतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात. अंधारात सगळ्यात उजळ समुद्राचे क्षितिज असायला हवे. शॅकचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीचा, दिवा जास्त उजळ असला तर ती उलटी, रस्त्याकडे निघतात. मोरजीत हे काम नव्वदच्या दशकात सुरू झाले, आणि सुरू करणारे, रात्रभर घरट्याशी बसणारे गावातलेच होते. ज्या किनाऱ्यांवर अंडी खाल्ली जात, विकली जात, त्याच किनाऱ्यांवरची माणसे राखणदार झाली. तिथे जाऊन राखणदाराच्या बाजूला एक रात्र बस, फोटो न काढता. पोस्टर करण्याआधी एवढे कर.

आता जे लिहितो ते कदाचित तुला जुन्या माणसाचे वाटेल. पौष अमावास्येला फोंड्यातल्या बांदोड्याला जा, नाहीतर दुर्भाटला. तिथे मानगेथापणी होते. मानगे म्हणजे मगर. शेताच्या बांधाजवळ गावडे समाजाची माणसे चिखलाची मगर थापतात, अंगावर शिंपल्यांचे खवले, दात म्हणून काड्या, आणि तिची पूजा करतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि आसपासच्या खाजणांत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांत, खऱ्या मगरी आहेत. खाजणाचा बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि वर्ष जाते. बांधावर काम करणारा माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा असतो, आणि त्याच पाण्यात मगर. तो मगरीला मारायला निघाला नाही, तिला नमस्कार करून म्हणाला, बांध राख, आम्हाला राख.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक आजोबा मगरीच्या पाठीवर अंगठ्याने एकेक शिंपली दाबत होते. नातू बाजूला चिखल मळत होता. आजोबांनी त्याला शेपूट करायला दिली. मुलाची शेपूट आखूड झाली. आजोबा म्हणाले, ‘लांब कर, ही शेपटीने मारते.’ मुलाने लांब केली. सगळा धडा तेवढाच. मगर कशी मारते, कुठे असते, तिच्याशी कसे वागायचे, हे त्या मुलाच्या बोटांत गेले. मी तीस वर्षे शाळेत शिकवले आणि इतके नेमके क्वचित शिकवू शकलो.

ते तू बघ, पण त्याचा कार्यक्रम करू नकोस. मंच नको, पाहुणे नकोत. विचारून जा, मागे उभी राहा, प्रसाद घे आणि ये. आपल्याकडे वाघाची पाषाणे पुजणारी गावे आहेत, देवरायांत कोयता न लावणारी गावे आहेत. सत्तरीत बांबरला निरंकार देवाची राय आहे; बारमाही पाण्यात उभी असलेली रानजायफळाची झाडे, गुडघ्यासारखी वर आलेली मुळे. ती झाडे कुणा अधिकाऱ्याने राखली नाहीत, निरंकाराच्या धाकाने राहिली. लोकांना निसर्ग शिकवायला निघण्याआधी त्यांनी काय राखले आहे ते मोजून घे. काही वेळा तुझे काम फक्त एवढेच असेल की नव्या रस्त्याच्या आराखड्यात ती राय कुणाला दिसलीच नाही, ती दाखवून द्यायची.

यावरून मोले. तेव्हा तू शाळेत होतीस. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, भगवान महावीर अभयारण्यातून आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून तीन कामे जाणार असे कळले: रेल्वेचा दुसरा रूळ, रुंद महामार्ग, आणि उच्च दाबाची वीजवाहिनी. तुझ्यापेक्षा थोडीच मोठी असलेली मुले-मुली पुढे आली. चित्रे काढली, गाणी केली, पत्रे लिहिली. सगळे चित्रांचेच कौतुक करतात, आणि चित्रे चांगलीच होती. पण मी जवळून जे बघितले ते असे: त्या मुलांनी प्रकल्पांचे अहवाल पानन् पान वाचले. कुठल्या ऋतूत पाहणी केली, कुठली जात गाळली, हे बोट ठेवून दाखवले. आणि दुसरे, चांदर गावचे लोक. नोव्हेंबर २०२०च्या पहिल्या रात्री हजारो माणसे तिथे रुळांवर येऊन बसली. त्यांतल्या कित्येकांची घरे रुळालगत होती. त्यांना भिंतींच्या चिरा, कोळशाची धूळ आणि आवाज माहीत होता. रानातला गवा आणि चांदरच्या घराची भिंत एकाच कागदावर आली तेव्हा त्या लढ्याला वजन आले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या दुहेरी रुळाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. सगळे प्रश्न सुटले नाहीत, रान अजून कापले जाते आहे. पण तेवढे झाले.

तुझ्या निराशेबद्दल मी काही समजूत घालणार नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात आगी लागल्या तेव्हा मी रात्री अंगणात उभा राहून डोंगरावरची लाल रेघ बघितली आहे. सकाळी पोरांबरोबर हिरव्या फांद्या घेऊन गेलो, गुडघे साथ देईनात, अर्ध्यावरून परतलो. वाटेत एक शेकरू जळून पडले होते. ते उचलून बाजूला ठेवले आणि घरी आलो. त्यानंतर महिनाभर मी एकही ओळ लिहिली नाही. तुझेही असे दिवस येतील, तेव्हा आठवडाभर काही करू नकोस, मग ये.

आता यंदाचे काम. मिरग ७ जूनच्या आसपास लागेल. पहिला मोठा पाऊस पडला की फोन करीन, रात्री आठला निघ, नऊपर्यंत वाळपईला पोचशील. गुडघ्याएवढे रबरी बूट आण, नागमोडी तळव्याचे. मेर निसरडी असते आणि घोणस त्याच वेळी फिरते. टॉर्च आण, पण त्याला लाल कागद चिकटव. वही आण. मोजायचे आहे: किती नर ओरडतात, कुठल्या वाफ्यात, किती वाजता. गेल्या अकरा वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत, त्यात तू तुझी जोडशील. तुझ्या गटातल्या त्या चाळीस जणांना आणू नकोस, दोघांना आण, आणि त्यांतला एक असा आण ज्याच्या घरी पूर्वी बेडूक खाल्ले जात.

मी ज्याची गोष्ट सांगितली तो येणार आहे. त्याचा चुलतभाऊही त्या रात्री शेतात असेलच, गोणी घेऊन. त्याच्याशी यंदा मी बोलणार नाही. तू बोल. आधी त्याला विचार की गेल्या वर्षी त्याला किती मिळाले आणि त्याच्या आजोबांच्या वेळी किती मिळत. तो आजोबांचा आकडा सांगेल, मग स्वतःचा सांगेल. तेव्हा तू गप्प राहा. माझी सून पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी करून ठेवील, पहाटे घरी येऊन सगळे जेवू. त्यालाही बोलावणे कर.

तुझा,
सर